युद्धाबद्दलचं मत आणि पक्षांचे सर्व्हे: नेमकं काय मोजलं जातं?

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)

पक्षांचे सर्व्हे आता निवडणुकीपुरते राहिलेले नाहीत, वर्षभर चालू असतात. कधी टॅब घेतलेली पोरं दारात येतात, कधी फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज 'एक दाबा, दोन दाबा' म्हणतो. लोकसभा असो, विधानसभा असो की आपली सोलापूर महापालिका, त्यात सीमेवरचा एक प्रश्न ठरलेला. आमच्या सोसायटीत एका पक्षातर्फे आलेल्या सर्व्हेत तो असा होता: सरकारने केलेल्या लष्करी कारवाईबद्दल आपण समाधानी आहात का? पर्याय तीन. समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही.

आता आमच्याच जिन्यातली दोन माणसं घ्या. ऑपरेशन सिंदूर ७ मे २०२५ ला सुरू झालं, १० मे ला शस्त्रसंधी झाली. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, इतक्यात थांबायलाच नको होतं, पहलगामला २६ जीव गेलेत, हिशेब पुरता व्हायला हवा होता. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधले सर म्हणतात, अतिरेक्यांना शोधा, शिक्षा करा, पण दोन अण्वस्त्रधारी देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडायची हे मला मान्य नाही. दोघांनीही 'असमाधानी' सांगितलं. दोघांची मतं एकाच रकान्यात जाऊन बसली. पक्षाच्या कार्यालयात तो आकडा वाचणाऱ्याला काय कळणार? एकाला अजून युद्ध हवं होतं, दुसऱ्याला ते नकोच होतं, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

मला वाटतं, या प्रश्नातून युद्धाबद्दलचं मत मोजलंच जात नाही. तुमचा राग किंवा अभिमान कुठल्या बाजूला वळवता येईल, एवढा अंदाज त्यातून घेतला जातो. आणि मग तोच आकडा 'जनतेचा कौल' म्हणून आपल्याच तोंडावर येतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या प्यू या लोकमत तपासणाऱ्या संस्थेनं जानेवारी २००३ मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, एकाच सर्व्हेत प्रश्न दोन तऱ्हेनं विचारला. सद्दामची सत्ता संपवण्यासाठी लष्करी कारवाईला तुमचा पाठिंबा आहे का? ६८ टक्के हो. मग त्याच प्रश्नाला एक शेपूट जोडलं: आपले हजारो सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले तरी? पाठिंबा ४३ टक्क्यांवर आला. देश तोच, आठवडा तोच. किंमत सांगितल्याबरोबर २५ टक्के माणसं बाजूला झाली.

आपल्याला हा दुसरा प्रश्न कुणी विचारलाय का? तुमचे अनुभव लिहा. पक्षाची बाजू घेऊन भांडायला हा धागा नाही, एवढी विनंती.

---

बाळीवेस

मालक, मुद्दा काही पटला नाही. हल्ला झाला, उत्तर दिलं, लोकांना अभिमान वाटला. यात लपवण्यासारखं काय आहे? पुलवामाला ४० जवान गेले तेव्हा गल्लीगल्लीत मेणबत्त्या लागल्या होत्या, त्या कुणी सर्व्हे करून लावल्या नव्हत्या. तो राग खरा होता. एखाद्या पक्षानं तो ओळखला तर लोकशाहीत त्याचं चुकलं काय? लोकांच्या मनात काय आहे ते बघूनच सरकारनं चालायचं असतं ना?

आणि युद्धाची किंमत मोजायची तर उत्तर न देण्याचीही किंमत मोजा. २६/११ ला मुंबईत १६६ जीव गेले. त्यानंतर आपण गप्प राहिलो त्याची किंमत कुठल्या सर्व्हेत विचारली? तुमच्या त्या अमेरिकेच्या प्रश्नाला मी दुसरं शेपूट जोडतो: कारवाई केली नाही आणि पुन्हा हल्ला झाला तर? बघा किती टक्के होतात.

---

जुळेसोलापूरकर

बाळीवेस, तुमचं दुसरं शेपूट अगदी रास्त आहे, ते विचारायलाच हवं. दोन्ही किंमती समोर ठेवल्या तर माणूस विचार करून उत्तर देईल. आज पक्ष एकही ठेवत नाहीत.

'लोकांनी राग मतपेटीतून दाखवला' हे मात्र इतकं सरळ नसतं. आपल्या सोलापूरचेच निकाल बघा. कारगिलचं युद्ध २६ जुलै १९९९ ला संपलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोकसभेचं मतदान झालं. विजय ताजा होता, टीव्हीवर पहिल्यांदाच घराघरात युद्ध दिसलं होतं. तरी सोलापुरातून निवडून आले काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे. देशात भाजपच्या जागा १८२ झाल्या, आणि १९९८ ला, म्हणजे कारगिलच्या आधीही, त्या १८२ च होत्या. महाराष्ट्रात विधानसभाही त्याच वेळी झाली आणि युतीची सत्ता गेली. म्हणजे कारगिलचा अभिमान वाटत नव्हता असं कुणी म्हणेल का? अभिमान होताच. मत देताना माणसाच्या मनात अजून दहा गोष्टी असतात.

२०१९ ला बरोबर उलटं सांगतात, 'बालाकोटनं सोलापूर जिंकून दिलं'. २६ फेब्रुवारीला बालाकोट झालं, ९ एप्रिलला इथून जवळच औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलांना आपलं मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या शहीदांना समर्पित करायला सांगितलं, आणि १८ एप्रिलला आपल्याकडे मतदान झालं. भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी सुमारे १ लाख ५८ हजारांनी आले. पण त्याच निवडणुकीत प्रकाश आंबेडकर सोलापुरातून उभे होते आणि त्यांना १ लाख ७० हजार मतं पडली. बालाकोट किती आणि तिरंगी लढत किती, हे वेगळं काढून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लगेच २०२४ ला हाच मतदारसंघ ७४ हजारांनी प्रणिती शिंदेंकडे गेला.

---

सर्व्हेवाली

कॉलेजात असताना मी एका एजन्सीसाठी हे काम केलंय. ती एजन्सी कुठल्या पक्षाचं काम घ्यायची ते आम्हाला शेवटपर्यंत सांगायचे नाहीत, पण प्रश्नावली बघितली की अंदाज यायचा. दारात काय होतं ते लिहिते.

पूर्व भागात, अशोक चौक, कन्ना चौकाकडे दुपारी गेलं की माग चालू असतात. खटखटाटात प्रश्न ऐकूच जात नाही. धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो, तेवढ्या वेळात एक प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर येईपर्यंत माग पुन्हा चालू. अशा माणसाला देशाच्या सुरक्षेवर विचारायचं आणि तो जे पहिलं तोंडात येईल ते सांगणार. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

घरात आजी भेटल्या तर त्यांची बोली तेलुगू. मराठी कळतं, पण मनातलं सांगण्याइतकं येत नाही. मग नातू पुढे येतो आणि तोच उत्तरं देतो. टॅबवर नोंद होते: वय ६५, स्त्री, लष्करी कारवाईबद्दल समाधानी. मत असतं विशीतल्या पोराचं. तिकडे होटगी रोडच्या बंगल्यात गेलात तर बाई दार उघडतात आणि 'थांब हं, ह्यांना बोलावते' म्हणतात. ते बाहेर गेलेले असतील तर 'नंतर या'. पाण्याचा, गॅसचा प्रश्न त्या स्वतः घडाघडा सांगतात. युद्धाचा प्रश्न आला की हे लागतात.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. विजापूर वेशीत एक चाचा ओट्यावर बसलेले होते. मी तो प्रश्न वाचायला लागले, अर्धाही झाला नव्हता. ते म्हणाले, 'समाधानी लिही बेटा.' मी म्हटलं, प्रश्न पूर्ण ऐका ना. ते म्हणाले, 'लिही, लिही.' त्यांचं खरं मत काहीही असेल, कदाचित समाधानीच असेल. पण दारात आलेल्या अनोळखी माणसाला द्यायचं उत्तर त्यांनी फार आधीच ठरवून ठेवलेलं होतं. टॅबवर मी ते दाबलं. दुसरं काय दाबणार होते?

---

विजापूरवेस_अर्शद

सर्व्हेवाली ताई, तुम्ही हे लिहिलंत, बरं वाटलं.

आमच्या गल्लीत हा प्रश्न विचारला जातो तेव्हा तो युद्धाचा प्रश्न राहतच नाही. 'तुम्ही कुणाच्या बाजूचे?' असाच तो कानावर पडतो. म्हणून उत्तर लगेच येतं. मला पहलगामनंतर कारवाई व्हावी असं मनापासून वाटलं होतं, आणि ती चार दिवसांत थांबली याचंही बरं वाटलं. ही दोन्ही वाक्यं माझ्या शेजारचा जैन दोस्त आरामात बोलतो. मी दुसरं वाक्य बोलायच्या आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतो.

आपल्या चार हुतात्म्यांत कुर्बान हुसेन आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेले. पुतळ्यासमोरून रोज जातो मी. माझ्या मताला एवढ्या चाचण्या का लागाव्यात, हे मला कुणीतरी सांगावं.

---

बाळीवेस

अर्शदभाई, तुमचं वाचून गप्प झालो. माझ्या मतात फरक नाही, पण तुम्हाला आजूबाजूला बघावं लागतं हे चांगलं नाही. तुम्ही इथे बिनधास्त लिहा.

---

आकडेमोड

धागाकर्त्यांनी जिन्यातली दोन माणसं सांगितली, तसाच एक गाजलेला प्रकार आहे. मार्च १९६८, अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे युजीन मॅकार्थी यांना अध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत, ४२ टक्के मतं पडली. सगळ्यांनी लिहिलं, युद्धविरोधाची लाट आली. नंतर अभ्यासकांनी त्या मतदारांची मतं तपासली तेव्हा दिसलं की मॅकार्थींना मत देणाऱ्यांत, जॉन्सन पुरेसे कडक नाहीत, युद्ध आणखी जोरात करा, असं म्हणणारेच जास्त होते. साधारण तिनास दोन. काका आणि सर एकाच रकान्यात, अगदी तसंच.

आता थोडं गणित. हजार माणसांचा नीट निवडलेला नमुना असेल तर चुकीची मर्यादा साधारण अधिक-उणे ३ टक्के. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच हजारातून 'पूर्व भागातल्या महिला काय म्हणतात' असा तक्ता काढला आणि त्यात शंभरच बायका असल्या, तर तीच मर्यादा अधिक-उणे १० टक्के होते. पक्षाच्या बैठकीत रंगीत स्लाइडवर असे तक्ते फिरतात आणि त्यावर प्रभागातला प्रचार ठरतो.

आणि नमुना मोठा असला म्हणजे झालं, असंही नाही. १९३६ ला अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त लोकांची उत्तरं आली होती. त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड. पत्ते फोनधारक आणि मोटारवाल्यांच्या यादीतून घेतले होते, गरीब माणूस यादीत नव्हताच. आपल्याकडचे 'एक दाबा, दोन दाबा' फोन कोण शेवटपर्यंत ऐकतं? ज्याला आधीच खूप राग आहे किंवा खूप प्रेम आहे तो. बाकीचे कट करतात.

प्रश्नांच्या क्रमाचाही परिणाम होतो. प्यूनंच डिसेंबर २००८ मध्ये हे करून बघितलं. देशात जे चाललंय त्यावर समाधानी आहात का, हा प्रश्न बुश यांच्या कारभाराच्या प्रश्नाच्या लगेच मागून विचारला तर ८८ टक्के असमाधानी, आणि आधी तो प्रश्न नसेल तर ७८. महापालिकेच्या सर्व्हेत सीमेचा प्रश्न पहिला टाकला की पुढच्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तरही जरा बदलतं. तो तिथे का ठेवलाय, हे यावरून समजून घ्या.

---

उजनीचं_पाणी

आकडेमोड सर, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून प्रत्येक प्रभागात लावायला हवा. पाण्याचा टँकर आणि क्षेपणास्त्र एकाच फॉर्मवर कशाला?

---

माजी_हवालदार_करमाळा

जय हिंद. मी पायदळात होतो. काश्मीरला पोस्टिंग झालेली आहे.

आमच्या गावात माझ्याबद्दल असं धरून चालतात की हा युद्धाच्या बाजूचा असणार. काही शहाणे उलटं धरतात की यानं बघितलंय म्हणजे हा शांततेच्या बाजूचा असणार. दोन्ही चूक. हुकूम आला की जायचं, त्यात मत नसतं. पण हुकूम देणाऱ्याला आपल्याला नेमकं काय साधायचंय आणि कुठे थांबायचंय हे माहीत असलं पाहिजे, असं माझं मत आहे. कारगिलला ५२७ जवान गेले. तेव्हा सरकारनं नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असं ठरवलं होतं, विमानांनासुद्धा तोच आदेश. त्यामुळे डोंगरावर समोरून चढावं लागलं. त्या निर्णयावर फौजेत आजही दोन मतं आहेत. पण ठरवलेलं होतं, स्पष्ट होतं, आणि जगानं आपली बाजू घेतली. हे असलं मत तुमच्या कुठल्या रकान्यात बसवायचं?

माझ्या दारात सर्व्हे आला तेव्हा मी त्या पोराला विचारलं, 'या घरातलं कुणी फौजेत आहे का' हा प्रश्न यात आहे का रे? नव्हता. जात होती, पोटजात होती, मोबाइल कुठला वापरता हेसुद्धा होतं.

अजून एक. २०२२ पासून अग्निवीर भरती आहे. चार वर्षं, मग त्यातले २५ टक्केच पुढे कायम. आमच्या भागातली पोरं पहाटे माळावर धावतात ती याच भरतीसाठी. युद्धाचं मत विचारता तर त्या पोरांना आणि त्यांच्या आयांना विचारा. त्यात पाठिंबाही निघेल, काळजीही निघेल, चार वर्षांनंतर काय हा प्रश्नही निघेल. तिन्ही एकाच तोंडातून.

---

विडीघरकुल_लेक

हवालदार काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून आईच आठवली.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात ओली पानं, हातात कातर. पत्र्याचं माप ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. हजार विड्या झाल्याशिवाय पाठ सरळ होत नाही. टीव्ही समोर चालू असतो, ती बघत नाही, ऐकते. पहलगामच्या वेळी त्या बायकांचं रडणं ऐकून तिचे हात थांबले होते. 'हाणायलाच पाहिजे त्यांना,' म्हणाली. नंतर कारवाई झाली त्या रात्री मला विचारते, 'आपल्या समोरच्या घरातलं पोरगं कुठं असतंय गं सध्या? जम्मूला का?' मग तिला झोप नाही.

युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा तिला तो देश कुठे आहे ते माहीत नव्हतं. २०२२ च्या मार्चमध्ये सूर्यफुलाच्या तेलाचे भाव चढले तेव्हा मी सांगितलं, आपलं बहुतेक सूर्यफूल तेल तिकडूनच येत होतं. तेव्हापासून बातम्यांत युक्रेन आलं की आवाज वाढव म्हणते. तिचं त्या युद्धावर मत आहे, आणि ते पक्कं आहे: 'कुणीबी जिंकू दे, थांबवा म्हणावं.' पाकिस्तानच्या बाबतीत तिचं मत वेगळं आहे. दोन युद्धं, दोन मतं. यात मला काही विसंगत वाटत नाही.

सर्व्हेवाले आमच्याकडे आले होते. तिला विचारलंच नाही, दादाला विचारलं.

---

टेरीटॉवेल_अक्कलकोटरोड

लेकीनं तेलाचं लिहिलं, मी टॉवेलचं लिहितो. २०२३ च्या शेवटी, गाझाच्या युद्धावरून, येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपला जाणारा माल सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला, दहा-चौदा दिवस जास्त, कंटेनरचं भाडं कैक पट. आमचं तयार टेरी टॉवेल गोडाऊनमध्ये पडून, मागावरच्या कामगाराला मात्र शनिवारी पगार द्यायचाच. गाझाचं युद्ध हजारो किलोमीटरवर, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळ्या कमी झाल्या.

पण खरं सांगतो, आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गाझावर जी भांडणं झाली त्यात भाड्याचा विषय एकदाही निघाला नाही. जो ज्या पक्षाचा, तो त्या बाजूचा. ग्रुपवरच्या पोस्ट वाचून मी आधीच सांगू शकायचो पुढचा काय लिहिणार.

---

आकडेमोड

टॉवेलवाले अण्णा, अमेरिकेत हे आकड्यातच दिसतं. जुलै २०२५ च्या गॅलप सर्व्हेत गाझामधल्या इस्रायली कारवाईला रिपब्लिकन मतदारांपैकी ७१ टक्क्यांची मान्यता आणि डेमोक्रॅट मतदारांपैकी ८ टक्क्यांची. दोन्ही गट बातम्या एकाच युद्धाच्या बघत होते. पक्ष कळला की युद्धाचं मत कळलं, अशी वेळ तिथे आलीय. आपल्याकडे अजून इतकी फाळणी झालेली नाही, हे या धाग्यावरच दिसतंय.

---

हुतात्माचौक

पक्ष आणि युद्ध या विषयावर जरा मागे जातो, कारण एकेकाळी आपल्याकडे मतभेद आतापेक्षा मोठे होते आणि ते उघड मांडले जायचे.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारताला न विचारता भारत युद्धात आहे असं जाहीर केलं. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. गांधीजींनी १९४० ला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याच वेळी सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात भरती व्हा म्हणून सांगत होते. बाबासाहेब आंबेडकरांना नाझी विजयाचा धोका मोठा वाटत होता, भरतीला त्यांचा पाठिंबा होता आणि १९४१ ला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. मानवेंद्रनाथ रॉय फॅसिझमविरोधासाठी युद्धाच्या बाजूने. कम्युनिस्ट आधी 'साम्राज्यवादी युद्ध' म्हणत होते, हिटलरनं जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर त्यांचं 'लोकयुद्ध' झालं. तिकडे सुभाषबाबू जर्मनीत जाऊन पोचले होते. एकाच देशातले, सगळे देशावर प्रेम करणारे, आणि एवढे फाटे. प्रत्येकाकडे आपलं कारण होतं आणि ते त्यानं भाषणात, लेखात सविस्तर मांडलं. 'समाधानी/असमाधानी' असं कुणी विचारलं असतं तर काय कळलं असतं?

आणि सोलापूरकरांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीस विसरू नयेत. इथेच १९१० ला जन्म. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा काँग्रेसनं १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, ते राहिले. आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत करत ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. पुढे वीस वर्षांनी, १९६२ ला, त्याच चीनशी आपलं युद्ध झालं. त्या वेळी सोलापुरात ज्यांना चीनचा संताप आला त्यांना कोटणीसांचा अभिमानही होता. भय्या चौकातलं स्मारक आजही आहे. एका शहराच्या पोटात ही दोन्ही मतं राहू शकतात.

---

बाळीवेस

हुतात्माचौक साहेब, माहिती छान. पण एक विचारतो. एवढं सगळं सविस्तर मत घ्यायचं म्हटलं तर सर्व्हे होणारच नाही. पक्षाला पंधरा दिवसांत तिकीट वाटायचं असतं. काहीतरी साधं विचारावंच लागतं ना?

---

आकडेमोड

साधं आणि तरी नीट विचारता येतं. ब्रिटनमध्ये १९३४-३५ ला 'पीस बॅलट' झालं, घरोघरी जाऊन, १ कोटीहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न होता: एखादा देश दुसऱ्यावर आक्रमण करत राहिला तर बाकीच्या देशांनी मिळून त्याला भाग पाडावं का, (अ) आर्थिक आणि बिगरलष्करी उपायांनी, (आ) गरज पडली तर लष्करी उपायांनी? पहिल्याला सुमारे ८७ टक्के हो, दुसऱ्याला सुमारे ५९. एकच प्रश्न, दोन पोटप्रश्न, आणि लोक कुठपर्यंत यायला तयार आहेत ते दिसलं. टॅबवर याला अर्धा मिनिट लागेल.

---

जुळेसोलापूरकर

बाळीवेस, मलाही हेच सुचवायचं होतं. पाहिजे तर तीनच प्रश्न ठेवा. कारवाई कुठपर्यंत जावी? त्यासाठी तुमच्या घरानं काय सोसायची तयारी आहे, महागाई, कर, घरातलं माणूस? आणि कारवाई केलीच नाही तर काय होईल असं वाटतं? यातला तिसरा प्रश्न तुमचाच आहे.

आकडे कुणाच्या पैशानं काढले हेही सांगायला हवं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास टीव्हीवर ओपिनियन पोलचे निकाल दाखवता येत नाहीत, एक्झिट पोलला तर शेवटचं मतदान संपेपर्यंत बंदी. पक्षाच्या खासगी सर्व्हेतला एक सोयीचा आकडा मात्र एरवी कधीही व्हॉट्सअॅपवर सोडता येतो. त्यासोबत प्रश्न कसा विचारला, किती जणांना विचारला, काहीच नसतं. असा आकडा ग्रुपवर आला की मी आता एकच विचारतो, प्रश्नाचा स्क्रीनशॉट टाका. अजून एकदाही कुणी टाकलेला नाही.

---

विजापूरवेस_अर्शद

+१. आणि सर्व्हे घेणाऱ्यानं उत्तर ऐकताना चेहरा नीट ठेवावा, एवढं साधं प्रशिक्षण द्या.

---

विडीघरकुल_लेक

आणि घरातल्या बाईला विचारा. ती सूप बाजूला ठेवून सांगेल.

---

सर्व्हेवाली

एक कामाची गोष्ट सांगते. आमच्या टॅबवर शेवटी 'शेरा' म्हणून एक चौकोन असायचा. घाईत आम्ही तो रिकामा सोडायचो, कारण पैसे फॉर्मवर मिळायचे, शेऱ्यावर नाही. पण कुणी हट्टानं म्हटलं की 'माझं म्हणणं लिहा', तर लिहावंच लागायचं, कारण सुपरवायझर नंतर फोन करून खात्री करायचा. काही एजन्सींच्या फॉर्ममध्ये आता ते ऑडिओ रेकॉर्डही होतं. तेव्हा तुमच्या दारात आले की उत्तर देऊन थांबू नका. 'शेऱ्यात लिही' म्हणा, काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा, आणि आजींना बोलायचं असेल तर तेलुगू, कन्नड, उर्दू येणाऱ्या शेजाऱ्याला बोलावून त्यांच्या तोंडूनच सांगू द्या. पोरं कुरकुर करतील. मीही केली असती. पण लिहून घेतील.